मूकाची संमती

पाणीगेटातील आमच्या जुन्या घरात कागदांना कधी तोटा नव्हता. आजोबांच्या वेळच्या मोडी याद्या, वडिलांच्या निवृत्तिवेतनाची पुस्तके आणि आमच्या स्वतःच्या सरकारी नोकरीने मागे ठेवलेली बाडे, असे सारे एकाच लोखंडी कपाटात सुखाने नांदते. गेल्या पावसाळ्यात त्यात आठ पानांच्या एका संमतिपत्राची भर पडली. ते आमच्या पुतण्याने पुण्याहून पाठविले होते. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : "काका, असले कागद वाचण्यात तुमचा जन्म गेला. सही करावी की करू नये, तेवढे सांगा."

पुतण्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, नऊ वर्षांचा आहे. तो बोलत नाही. नळ सोडला की धारेखाली हात धरून तासन् तास उभा राहतो. मिक्सर लागला की कान झाकून पलंगाखाली जातो. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता असे निदान केले. पुढे रक्ताच्या तपासणीत त्याच्या एका जनुकात बदल आढळला. आता दक्षिणेतील एका संशोधन संस्थेने त्याच्या रक्ताच्या दोन लहान नळ्या मागितल्या होत्या. त्या रक्तातील पेशींपासून मूलपेशी आणि मूलपेशींपासून मेंदूच्या पेशी तयार करावयाच्या, आणि नातवाच्या मेंदूच्या घडणीत नेमके काय वेगळे घडले ते काचेच्या बशीत पाहावयाचे, असा तो प्रकल्प होता. या संशोधनातून मुलाला स्वतःला कोणताही लाभ होईल असे आश्वासन देता येत नाही, हे चौथ्या पानावर स्वच्छ लिहिले होते. पेशी अनिश्चित काळ जतन केल्या जातील, हे सहाव्या पानावर होते. आठव्या पानावर पालकाच्या सहीसाठी जागा होती.

जो बोलू शकत नाही, त्याच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो? मौन हे संमतीचे लक्षण मानण्याचा आपला प्रघात आहे. परंतु ज्याला मौनावाचून दुसरी भाषाच नाही, त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावयाचा? आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे. तरीही हा प्रश्न आमच्या उंबरठ्याशी आला, म्हणून त्याविषयी मिळेल ते वाचले आणि जे उमगले ते या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे शास्त्र काय आहे ते थोडक्यात पाहू. आईच्या उदरात गर्भाच्या आरंभीच्या पेशी सर्वसमर्थ असतात. त्यांतील कोणतीही पेशी त्वचा, हृदय किंवा मेंदू होऊ शकते. एकदा त्वचा झाली की मात्र ती त्वचाच राहते. हा प्रवास एकेरी आहे, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९६२ साली जॉन गर्डन या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून नवा जीव वाढू शकतो हे दाखविले, तेव्हा त्या समजुतीला पहिला तडा गेला. पुढे २००६ साली जपानमधील क्योतो येथे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलावस्थेत नेले. २००७ मध्ये मानवी पेशींबाबतही ते साधले. यांनाच 'प्रेरित बहुक्षम मूलपेशी' म्हणतात. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूच्या विकारांच्या दृष्टीने याचे महत्त्व कोणाच्याही ध्यानी येईल. यकृताचा तुकडा काढून तपासता येतो. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा कोण काढणार? शिवाय ज्या घडामोडी पाहावयाच्या, त्या तर जन्मापूर्वीच घडून गेलेल्या असतात. उंदरावर प्रयोग करावे, तर उंदराचा मेंदू माणसाच्या मेंदूसारखा घडत नाही. म्हणून रुग्णाच्याच पेशी मागे नेऊन, त्यांच्याकडून तो प्रवास काचेत पुन्हा करवून घ्यावयाचा. २०१० साली अमेरिकेत रेट विकाराच्या मुलींच्या त्वचेपासून अशा मज्जापेशी तयार करण्यात आल्या; त्यांच्यातील परस्परसंधी संख्येने कमी आणि पेशी आकाराने लहान आढळल्या. २०१३ साली व्हिएन्ना येथे मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी मूलपेशींपासून मसुरीच्या दाण्याएवढा मेंदूसदृश गोळा वाढविला आणि डोके जन्मतःच लहान राहण्याच्या एका प्रकारात पेशी वेळेआधीच प्रौढ होतात, म्हणून त्यांची संख्या अपुरी पडते, हे दाखविले. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिका तापाची साथ आली आणि लहान डोक्याची बालके जन्मू लागली, तेव्हा तो विषाणू मज्जापेशींच्या पूर्वजांनाच मारतो हे अशाच पेशींवरील प्रयोगांनी काही महिन्यांत स्पष्ट केले. हा झिका पुढे २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आणि २०२४ मध्ये खुद्द पुण्यात आढळला, हे ध्यानी घेतले म्हणजे ही परदेशातील नवलकथा नव्हे हे पटते. आपल्याकडेही बंगळूरूच्या निमहान्स, एन.सी.बी.एस. आणि इनस्टेम या संस्थांनी मनोविकारांचा वारसा असलेल्या भारतीय कुटुंबांतून अशा पेशींचे संग्रह उभे केले आहेत.

एवढे वाचल्यावर आमचे मन नातवाकडून निघाले आणि साठ वर्षे मागे, याच घराच्या ओट्यावर येऊन बसले.

आमचे धाकटे काका नाना बोलत नसत. सकाळी अंघोळ झाली की ते ओट्यावर येत आणि दरवाजातून जाणाऱ्या-येणाऱ्या टांग्यांकडे पाहत बसत. कोणता टांगा गेला आणि परतला नाही, हे त्यांना अचूक ठाऊक असे; तो परतेपर्यंत ते जेवायला उठत नसत. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९०६ सालीच सगळ्या संस्थानाला लागू केला होता. परंतु नानांची पाटी कोरीच राहिली. आळीतील लोक त्यांना सांभाळून घेत. हलवाई त्यांच्या हातावर पेढा ठेवी, टांगेवाले त्यांना पाहून घोडा हळू करीत. आज मागे वळून पाहताना हे चित्र मोठे गोड वाटते आणि 'पूर्वीच्या समाजात अशा माणसांना जागा होती' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या चित्राचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. दुपारी घरातील बायका कामात असत, तेव्हा नानांच्या कमरेला दोरी बांधून ती खांबाला अडकवीत. ती गाठ आमच्या आजीला स्वतःच्या हाताने बांधावी लागे.

आणि ही शिक्षा तिला का भोगावी लागली? नाना पोटात असताना ग्रहण लागले होते आणि आजीने विळीवर भाजी चिरली, असे तिच्या सासूचे म्हणणे होते. आजीने ते अमान्य केले नाही. आयुष्याची पन्नास वर्षे तिने तो आरोप अंगावर वागविला. शेवटच्या आजारात, भान हरपत असताना, "मी विळी घेतली नव्हती हो," असे ती कोणाला तरी सांगत होती. घरात त्या वेळी तिचे ते शब्द ऐकणारे आम्हीच होतो.

हे केवळ आपल्या अडाणीपणाचे उदाहरण नव्हे. स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. पुढे पश्चिमेतील प्रगत देशांत कित्येक वर्षे विद्वान मंडळी हेच सांगत राहिली की, आईच्या थंड, मायाशून्य वागण्यामुळे मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून त्या मताला मोठी प्रतिष्ठा दिली. सासूने विळी पुढे केली, पंडिताने मानसशास्त्र. आरोपी मात्र एकच होती. याउलट आपल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात भरद्वाज प्रश्न करतात की, अपत्य जर आईबापांपासून होते, तर मुक्या, बहिऱ्या, जड मातापित्यांची मुले तशीच का होत नाहीत? आत्रेयांचे उत्तर असे की, बीजाच्या ज्या भागाला विकृती येते, त्या भागापासून होणारे अंग विकृत होते; तो भाग निर्दोष असल्यास होत नाही. त्यांना जनुके ठाऊक होती असा दावा करण्याचे कारण नाही. तसले दावे ग्रंथाचेही हसे करतात. परंतु त्यांनी कारण शोधण्याची दिशा बीजाकडे ठेवली, आईच्या शीलाकडे नाही, ही गोष्ट आम्हांला लाखमोलाची वाटते.

म्हणून या संशोधनाच्या बाजूने आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे प्रमाण औषधाच्या आशेचे नाही. औषध होईल तेव्हा होईल. परंतु काचेच्या बशीत, जेथे आई नाही, सासू नाही, ग्रहण नाही आणि विळी नाही, तेथेही त्या पेशी आपल्या वेगळ्याच वाटेने वाढतात, हे डोळ्यांना दिसते. कोणत्याही न्यायाधीशाने दिला नसता असा निर्दोषत्वाचा दाखला ती बशी एका आईला देते. तो आमच्या आजीला मिळाला नाही.

येथवर आमचा कौल 'सही करावी' असाच झाला होता. परंतु कपाटातील दुसऱ्या एका बाडाने आम्हांला थांबविले.

नोकरीच्या पहिल्या दशकात आमच्याकडे एका कालव्यासाठी जमीन घेण्याच्या प्रकरणातील कागद होते. गावोगाव जाऊन खातेदारांच्या सह्या आणि अंगठे घ्यावयाचे. कागद वाचून दाखवावा असा नियम होता आणि आम्ही तो वाचीत असू. दिवसाला साठ-सत्तर अंगठे उरकावयाचे तर ज्या गतीने वाचावे लागते, त्या गतीने. एका म्हातारीने अंगठा शाईत बुडवून हात हवेतच धरला आणि विचारले, "साहेब, आमां शुं लख्युं छे?" आम्ही म्हणालो, "तमारा फायदानुं छे, मा." तिने अंगठा ठेवला. आम्ही खोटे बोललो नव्हतो. मोबदला तिला नियमाप्रमाणे मिळाला असणार. कागद कायदेशीर होता, आजही आहे. परंतु तिचा प्रश्न 'फायदा आहे का' हा नव्हता. 'लिहिले काय आहे' हा होता. त्याचे उत्तर आम्ही दिले नाही, कारण त्याला दहा मिनिटे लागली असती.

संमतिपत्राच्या आठव्या पानावरील रिकामी रेघ पाहताना तो हवेत धरलेला अंगठा आमच्या डोळ्यांपुढे आला. म्हातारीला निदान विचारता तरी आले. नातवाला तेही येणार नाही.

या विषयात जगाने एक मोठा धडा घेतला आहे. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स नावाची गरीब कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगाने वारली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या होत्या. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढू लागल्या आणि आजतागायत जगभर वाढत आहेत. त्यांच्यावर पोलिओची लस पारखली गेली, असंख्य शोध लागले. तिच्या घरच्यांना मात्र याची वार्ता विसाहून अधिक वर्षांनी लागली. २०१३ साली त्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडाच वारसांना न विचारता प्रसिद्ध झाला आणि वाद उसळल्यावर तो मागे घ्यावा लागला. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने वारसांशी तडजोड केली. या कथेला मराठी माणसाच्या जवळचा एक धागा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे याच गे यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्या आणि त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. म्हणजे आज आपल्याकडे काचेत पेशी वाढविण्याची जी विद्या आहे, तिची एक शाखा त्याच घरातून निघाली आहे. विद्या पवित्र होती, विद्यार्थिनी तपस्विनी होती. आणि तरीही त्या घरात कोणाला तरी विचारावयाचे राहून गेले होते. चांगले काम आणि न विचारता केलेले काम एकाच ओट्यावर शेजारी बसू शकतात, हे आम्ही कालव्याच्या कामात पाहिले आहे.

मग पालकाने दिलेला होकार पुरेसा मानावा काय? कायदा मानतो. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आदी असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरही पालक नेमण्याची सोय केली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरील अधिकारी असलेली समिती तो नेमते. परंतु पालकत्व हे मुलाच्या हितासाठी असते. शाळा, औषध, शस्त्रक्रिया यांबाबत आपण मुलाच्या वतीने ठरवितो, कारण लाभ त्याचा असतो. येथे लाभ दुसऱ्यांचा आहे. हे उपचार नव्हेत. हे दान आहे. आणि दुसऱ्याच्या मालकीचे दान आपण कसे करणार?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा खल केला आहे. विश्वजित् यागात यजमानाने आपले सर्व 'स्व' देऊन टाकावयाचे असते. मीमांसकांनी विचारले, या 'स्व'मध्ये आप्तस्वकीयही येतात काय? त्यांचा निर्णय असा की, ज्यावर आपले स्वामित्व आहे तेवढेच देता येते. माणसे आपली असली तरी आपल्या मालकीची नसतात. आणि कठोपनिषदातील नचिकेता आपल्या दान देत सुटलेल्या पित्याला हेच विचारतो की, मला कोणाला देणार? तो एकदा नव्हे, तीनदा विचारतो. आमच्या नातवाकडे नचिकेत्याचा तो प्रश्न नाही. म्हणून तो प्रश्न त्याच्या वतीने कोणी तरी विचारला पाहिजे, आणि तो 'हो' म्हणण्यापूर्वी विचारला पाहिजे. पालकाचे पहिले कर्तव्य मुलाच्या वतीने उत्तर देणे हे नसून त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हे आहे, असे आम्हांला वाटू लागले.

आम्ही पुतण्याला नऊ प्रश्न लिहून पाठविले. पेशी कोणाला दिल्या जातील? परदेशी? कंपनीला? त्यापासून औषध झाले तर त्याची किंमत आपल्यासारख्यांना परवडेल असा आग्रह कोण धरील? मुलाचे नाव आणि पेशींचा क्रमांक यांच्यामधील किल्ली कोणाजवळ राहील? उद्या नको म्हटले तर पेशी नष्ट होतील काय? या पेशींपासून मेंदूसदृश गोळे करणार काय, आणि ते प्राण्यांत घालणार काय? हा शेवटचा प्रश्न कल्पित नव्हे. २०२२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे असे मानवी गोळे उंदराच्या पिलांच्या मेंदूत रुजविण्यात आले, आणि उंदराच्या मिशीला स्पर्श करताच त्यातील मानवी पेशींनी प्रतिसाद दिला. त्या दाण्याएवढ्या गोळ्याला सुखदुःख कळते असे आज कोणी म्हणत नाही. त्याला ज्ञानेंद्रिये नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, अनुभवांचा साठा नाही. परंतु सीमारेषा ओलांडल्यावर ती होती असे कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. संस्थेने नऊपैकी सात प्रश्नांची सरळ उत्तरे दिली. दोन प्रश्नांवर 'अद्याप धोरण नाही' असे लिहून आले. खोट्या आश्वासनापेक्षा ते उत्तर आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटले.

दहावा प्रश्न मात्र सूनबाईंचा होता आणि तो त्यांनी संस्थेला नव्हे, आम्हांला दूरध्वनीवर विचारला. कागदात असे लिहिले होते की, शास्त्रज्ञ मुलाच्या काही पेशींतील तो जनुकीय बदल दुरुस्त करतील आणि दुरुस्त व अदुरुस्त अशा दोन्ही पेशी शेजारी शेजारी वाढवून फरक पाहतील. ही रीत शास्त्रीय दृष्ट्या चोख आहे, कारण बाकी सर्व वारसा समान राहून केवळ एकच गोष्ट वेगळी असते. सूनबाई म्हणाल्या, "काका, म्हणजे एका बशीत आहे तसा तो, आणि दुसऱ्या बशीत तो जसा झाला असता तसा?"

आम्हांला तत्काळ उत्तर सुचले नाही. रात्री विचार करून जे सांगितले ते असे : नाही. दुसऱ्या बशीत जे आहे ते तुमचे न झालेले मूल नव्हे. बशीतल्या पेशी फार तर काही महिन्यांच्या गर्भाच्या अवस्थेच्या असतात. त्यांनी तुमचा आवाज ऐकलेला नाही, त्यांना मिक्सरचे भय नाही, नळाच्या धारेचा आनंद नाही. नातू हा त्याच्या जनुकातील बदल एवढाच असता, तर पहिली बशी म्हणजे तोच झाला असता. तो तर आत्ता तुमच्या शेजारी झोपला आहे. सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण दुसऱ्या बशीकडे पाहावंसं वाटेल, हे खरं आहे." ते खरेच असणार. कोणत्या आईला वाटणार नाही?

येथून प्रश्न अधिक खोल जातो. विकार कोणता आणि स्वभाव कोणता? महानुभावांचे गोविंदप्रभू लोकांच्या दृष्टीने वेडे होते. ऋद्धिपूरच्या लोकांनी त्यांच्या विचित्र वागण्यासह त्यांना आपले मानले, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा आदराने नोंदविल्या. त्यांना आजच्या रोगाचे नाव चिकटविणे उद्धटपणाचे होईल. परंतु जे समजत नाही त्यासमोर नम्र होण्याची एक रीत मराठीत आठशे वर्षांपूर्वीही होती, एवढे त्यावरून कळते. उलट बाजूस रेट विकाराची बालिका पाहा. पहिले वर्ष ती नीट वाढते, मग आलेले शब्द जातात, हातांचा उपयोग जातो, झटके येऊ लागतात. तिच्या वेदनेला 'वेगळा स्वभाव' म्हणून गोंजारणे ही क्षमा नव्हे, निष्ठुरता आहे. नानांच्या टांग्यांच्या हिशेबाला औषधाची गरज नव्हती. कमरेच्या दोरीला होती. दुःख घालवावयाचे आणि माणूस ठेवावयाचा, हा विवेक ज्याला साधेल त्याच्याच हाती हे ज्ञान शोभेल.

तो समाजाला साधेल काय, याविषयी आम्हांला धास्ती वाटते, आणि ती ऐकीव नाही. गर्भातील दोष पाहण्यासाठी आलेल्या यंत्रांचा उपयोग आपण मुली पाहण्यासाठी केला. १९९४ साली कायदा झाला. तरी २००१ च्या जनगणनेत गुजरातेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८८३ होत्या, २०११ मध्ये ८९०. महाराष्ट्रात तर या दहा वर्षांत आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. हे आकडे आमच्या मेजावरून गेले आहेत. उद्या स्वमग्नतेची कारणे गर्भातच वाचता येऊ लागली, तर किती घरे तिच्यासाठी उपाय मागतील आणि किती घरे नातवालाच नाकारतील? या भयावर 'ज्ञानच नको' हे उत्तर नव्हे. अज्ञानाने आजीला काय दिले ते वर सांगितले आहे. परंतु ज्याने पेशी दिल्या त्याच्यासारख्यांचा जन्मच टाळण्यासाठी त्या पेशी वापरल्या जाऊ नयेत, एवढे म्हणण्याचा अधिकार त्या घराला असला पाहिजे. आमचा तो प्रश्न 'अद्याप धोरण नाही' या दोहोंपैकी एक होता.

आणखी एक धोका बाजाराचा. मूलपेशींचे नाव निघताच पुतण्याला एका शहरातील एका खाजगी दवाखान्याकडून निरोप आला की, इतके लाख भरा, मूलपेशींचे इंजेक्शन देतो, मूल बोलू लागेल. वाचकांनी हा भेद पक्का ध्यानी ठेवावा. बशीत विकाराचा अभ्यास करणे निराळे आणि मुलाच्या शरीरात पेशी टोचणे निराळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही मान्य विकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ रीतसर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. जो शास्त्रज्ञ 'तुमच्या मुलाला लाभ होणार नाही' असे चौथ्या पानावर लिहितो तो दोन नळ्या रक्त मागतो. जो लाभाची हमी देतो तो घर विकावयास लावतो. नोकरीने आम्हांला एवढे शिकविले की, ज्या कागदात केवळ फायदाच लिहिलेला असतो, तो दोनदा वाचावा.

शेवटी काय झाले, ते सांगितले पाहिजे. संशोधनाची राष्ट्रीय नीतितत्त्वे सांगतात की, सात वर्षांपुढील मुलाला त्याच्या आकलनाप्रमाणे विचारावे आणि त्याचा होकार घ्यावा. सूनबाईंनी चित्रे काढून त्याला दाखविली : सुई, नळी, डॉक्टर, घर. पहिल्या दिवशी परिचारिका जवळ येताच त्याने हात मागे घेतला. हट्टी मुलाला धरून रक्त काढणे रोजचेच आहे. तो तापाने आजारी असता तर आम्हीही त्याला धरले असते. परंतु त्या दिवशी लाभ त्याचा नव्हता, म्हणून त्याचा मागे घेतलेला हात हेच त्याचे उत्तर मानून सारे घरी परतले. संस्थेच्या माणसाने कुरकुर केली नाही, हे नमूद करण्यासारखे आहे.

तीन महिन्यांनी त्याच्या नेहमीच्या औषधाच्या तपासणीसाठी रक्त द्यावयाचे होते. सूनबाईंनी तीच चित्रे पुन्हा दाखविली आणि नळ्या दोन अधिक काढल्या. या वेळी त्याने चित्रातील नळीवर बोट ठेवले, मग हात पुढे केला आणि शेवटपर्यंत मागे घेतला नाही. पुतण्याने सही केली.

तो होकार होता की केवळ सवय होती? त्याने बोट ठेवले ते नळीत लाल काही वाहते म्हणून, त्याला धारा आवडतात म्हणून, की आई मागते आहे हे उमजून? आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की, या वेळी कोणी घाई केली नाही, आणि त्याने हात मागे घेतला असता तर पुन्हा परतण्याची सर्वांची तयारी होती. संमती ही सहीत नसते. 'नाही' ऐकण्याच्या आपल्या तयारीत असते. जेथे नकाराला जागा नाही, तेथे सहीलाही अर्थ नाही. त्या म्हातारीने अंगठा मागे घेतला असता तर आम्ही काय केले असते, हे आम्हांला ठाऊक आहे. आणि ते लिहिण्यास आज संकोच वाटतो.

नातवाच्या पेशी आता कोठे तरी द्रवरूप नत्रवायूत, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर झोपी गेल्या असतील, किंवा एखाद्या बशीत आपल्या वाटेने वाढत असतील. तो स्वतः दिवाळीत येथे आला होता. ओट्यावर नानांच्याच जागी बसून रस्त्याकडे पाहत होता. टांगे आता नाहीत. रिक्षांची रीघ असते. मध्येच तो उठला आणि आमचे बोट धरून आम्हांला अंगणातील नळाकडे घेऊन गेला. आम्ही नळ सोडला. त्याने आमचा हात धारेखाली धरला.